सीलची पिल्ले आणि गोदावरी

संपादक महोदय,

स्कॉटलंडजवळच्या मे बेटावर राखाडी सीलची पिल्ले जन्मतात. सुमारे तीन आठवडे ती आईच्या दुधावरच असतात, मासा अजून तोंडी लागलेला नसतो. तरीही संशोधकांना त्यांच्या पोटात कॅम्पिलोबॅक्टर हे जुलाबाचे जिवाणू सापडले, तेही माणसे आणि पाळीव जनावरांत आढळणाऱ्या जातकुळीचे! जमिनीवरची घाण नदी-समुद्रावाटे तान्ह्या रानटी जिवाच्या आतड्यापर्यंत पोहोचत असावी, ही गोष्ट मला फार लागली. पोटातले उपकारक जिवाणू घर करतात तेही याच कोवळ्या वयात.

आपल्याकडे नासर्डी नदी गोदावरीला काय आणून देते, हे टाकळीच्या संगमावर उभे राहिले की नाकालाच कळते. हेच पाणी पुढे नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जाते. ते महाराष्ट्रातले पहिले रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, आणि तिथल्या पक्ष्यांची पिल्लेही त्याच पाण्यावर वाढतात. सिंहस्थासाठी घाट, रस्ते होत आहेत, व्हावेतच. पण सांडपाण्याची एकही नाली नदीत उघडी राहू नये. पाण्यातल्या जिवाणूंची तपासणी रामकुंडापुरती न ठेवता नांदूरमध्यमेश्वरपर्यंत न्यावी आणि तिचे आकडे दर महिन्याला वर्तमानपत्रांत द्यावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक