सुन्यास, डाव्या चाकाबद्दल

नोवी, मिशिगन
२१ जानेवारी

प्रिय सुन्या,

तुझे आण्णा गेले तेव्हा फोन केला तेवढाच, त्यानंतर दीड वर्षात तुला दोन ओळी लिहिल्या नाहीत. खूप वाईट वाटतंय, शिव्या घालायच्या तर घाल. आमच्याकडे सगळे बरे, माझी शुगर आहे तिथेच. आत्ता लिहायला बसलोय कारण मागच्या रविवारी गाडी घसरली, मागे सई होती, आणि इथे कुणालाही सांगितलं की "बर्फ आहे, होतं असं" म्हणून विषय संपवतात. तू संपवणार नाहीस.

मराठी शाळा सुटली, तिला घेऊन ट्वेल्व्ह माइल रोडने येत होतो. उणे बारा. इथे रस्त्यावर मीठ मारतात, डेट्रॉइटच्या पोटातच मिठाची खाण आहे, पण उणे नऊ-दहाच्या खाली गेलं की मिठाचं फारसं चालत नाही. रस्ता नुसता काळा दिसत होता, त्यावरचा बर्फ दिसतच नाही रे. सिग्नल लाल झाला, मी लांबूनच ब्रेक दाबला, पेडल पायाखाली थडथडायला लागलं, खालून करकर आवाज, आणि गाडी थांबायचं सोडून उजवीकडे सरकत गेली. पुढचं उजवं चाक फुटपाथच्या कडेला आदळलं तेव्हा थांबलो. कुणाला काही लागलं नाही. सई एवढंच म्हणाली, "बाबा, ब्रेक लागला नाही का?"

मला उत्तर देता आलं नाही.

गॅरेजवाल्याने वाकलेली रिम बदलली, अलाइनमेंट केलं, ब्रेक एकदम ओके म्हणाला. थडथडणं म्हणजे एबीएस, ते मलाही माहितीये, चाक लॉक होऊ नये म्हणून ते प्रेशर सोडतं-धरतं. पण गाडी घरी आणताना कोरड्या रस्त्यावरसुद्धा ब्रेक दाबला की उजवीकडे जरा ओढतेय. ब्रेक न दाबता स्टिअरिंग हलकं धरलं तर सरळ. म्हणजे अलाइनमेंट नाही, ब्रेकच, बरोबर ना?

मग मला आण्णा आठवले. गॅरेजातल्या गाडीची ट्रायल घेऊन आले की उतरून चारी चाकांना हाताची पालथी बाजू लावायचे, आणि आपण दोघं हसायचो, तू तर त्यांना डॉक्टर म्हणायचास आणि एकदा त्यावरून पान्हा फेकून मारला होता त्यांनी तुला. मी तेच केलं. पुढचं उजवं गरम, डावं कोमट. किचनमधलं लांबून तापमान दाखवणारं यंत्र आणून डिस्कवर धरलं, उजवी १०४, डावी ६१. म्हणजे डावं चाक काम चुकवत होतं आणि सगळा भार उजव्यावर.

शनिवारी डावं चाक खोललं. बाहेरचं ब्रेक पॅड छान सात मिलिमीटर. आतलं जेमतेम दोन! पॅडं डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या दोन पिनांपैकी खालची गंजून जाम, रबराचं बूट फाटलेलं, त्यातून मिठाचं पाणी आत गेलेलं. पिना सरकल्याशिवाय कॅलिपर सरकत नाही, मग पिस्टनच्या बाजूचं आतलं पॅडच एकटं घासतं. आणि रिमच्या फटीतून वाकून बघितलं तर दिसतं कुठलं? बाहेरचं. गॅरेजात मार लागलेलं उजवं चाक तेवढं खोललं, डावं खोललंच नाही. इथे मिशिगनमध्ये गाडीची वर्षाची सक्तीची तपासणीसुद्धा नाही, कुणी विचारत नाही. मला इतका संताप आला सुन्या, लेकरू बसतं रे त्या गाडीत. पिना नवीन टाकल्या, ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस लावलं, दोन्ही बाजूंना नवी पॅडं. आता ओढत नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे आणि त्यासाठीच हे पत्र. रात्री विचार करत होतो, बर्फावर ग्रिपच इतकी कमी असते की अर्धामुर्धा ब्रेकसुद्धा चाक लॉक करायला पुरतो. मग डावी पिन जाम असली काय नसली काय, गाडी घसरणारच होती? आणि इथल्या रस्त्याला कडेकडे म्हणजे उजवीकडे उतार असतो, ती त्या उतारानेच गेली असेल. वर माझे टायर बारमाही, थंडीचे वेगळे घेतलेच नव्हते, सात डिग्रीखाली ते रबर कडक होतं हे माहीत असून. मला ब्रेक दोषी निघायला हवे होते आणि निघाले, म्हणून मला त्यावर विश्वासच बसेना.

कुंभार्ली घाटात आण्णांची जीप मी उतरवत होतो आणि ब्रेक गेला, तेव्हाही हेच झालं होतं. तू म्हणालास हेळवाकपासून ब्रेकवर पाय ठेवून उतरलास, सेकंड गिअरमध्ये का नाही टाकली. मी म्हणालो तुमच्या जीपचं ब्रेक ऑइल जुनं, पाणी धरलेलं, उकळलं म्हणून पेडल खाली गेलं. सहा महिने बोललो नाही आपण. अर्ध्या तासाने पेडल परत कडक झालं होतं, म्हणजे ऑइल उकळलंच होतं, ते मी आजही सांगेन. पण ते तापवलं कुणी? माझा पाय होता ब्रेकवर, सुन्या. हे तुला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, आणि आण्णांनाही, कारण मी त्यांच्या जीपला नाव ठेवलं आणि ते काही न बोलता दुसऱ्या दिवशी ऑइल बदलत बसले होते.

बाकी तुझं सांग, गॅरेजात नवीन लिफ्ट बसली का, वहिनींचा गुडघा कसा आहे, पोराचं डिप्लोमाचं शेवटचं वर्ष ना? काकूंना नमस्कार सांग.

पिनांचे आणि दोन्ही पॅडांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकलेत. नीट बघ, आणि डावा ब्रेक धड असता तर गाडी थांबली असती का ते स्पष्ट सांग, माझं मन राखू नकोस. सईला अजून उत्तर दिलेलं नाही.

तुझा,
अव्या