845 खोडणाऱ्या दादांचे आभार

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

इंग्लंडमधल्या एसेक्सच्या ग्रीनस्टेड इथल्या जुन्या लाकडी चर्चवरच्या आमच्या मराठी माहितीपत्रकाचा मसुदा तुम्ही ओळन् ओळ तपासलात, त्याबद्दल मनापासून आभार. आता मजकुरापेक्षा समासच जास्त वाचनीय झालाय!

पहिली काट 845 या बांधणीच्या सालावर. 1960च्या सुमारास लाकडातल्या वर्षवलयांवरून (दरवर्षी एक वाढणाऱ्या वलयांवरून) निघालेला हा आकडा अजून सगळीकडे फिरतोय. 1995च्या फेरतपासणीत शेवटचं वलय 1053चं निघालं. पण म्हणून ‘1053 साली बांधलं’ असंही लिहू नका, हे तुम्ही बजावलंत. ते वलय गाभ्याचं. झाडाच्या सालीलगतचं कोवळं लाकूड आधी किडतं, ते उरलेलंच नाही. त्याची 10 ते 55 वर्षं मिळवली की झाडं तोडली गेली 1063 ते 1108च्या दरम्यान. नवव्या शतकातला राजा संत एडमंड याचं शव 1013 साली इथे विसावलं अशी आख्यायिका आहे. तसं झालं असेल तरी या भिंतींच्या आत नाही.

आम्ही ‘फळ्यांची भिंत’ लिहिलं होतं. तिथे तुम्ही ‘चिरलेले ओकचे बुंधे’ केलंत आणि जोडही समजावलात: गोल बाजू बाहेर, वाकसाने तासलेली सपाट बाजू आत, दोन्ही कडांना खाच आणि दोन बुंध्यांच्या खाचांत मिळून ओकची एक पट्टी. ओल्या ओकचा बुंधा वाळला की रुंदीत आकसतो आणि फट पडते. नुसते कडेला कड लावलेले असते तर वारा-पाऊस थेट आत आला असता. पट्टी दोन्ही खाचांत राहते, म्हणून फट बंदच.

बुंध्यांची खालची टोकं का कुजली, हेही आमच्याकडून निसटलं होतं. आडव्या कापाची टोकं ओल शोषतात, आणि जमिनीलगत ओल व हवा दोन्ही मिळाल्याने बुरशी तिथेच धरते. 1848मध्ये कुजका भाग कापून खाली विटांचा जोता आणि ओकचा पाट दिला. तेव्हा ‘भिंती जशाच्या तशा’ हे वाक्य गेलं ते बरंच झालं.

भिंतीतल्या लहानशा झरोक्याला आम्ही लिहिलेलं ‘कुष्ठरोग्यांची खिडकी’ हे नावसुद्धा काढलंत, तो बहुधा पवित्र पाण्याचा कोनाडा.

वेदीकडच्या, साधारण 1500च्या विटांच्या भागाचं पान पुढच्या आठवड्यात पाठवतो. लाल पेन हाताशी ठेवा.

आपले,
माहितीपत्रकाचे संपादक