मा. संरक्षणमंत्री साहेब, मदतनीस भत्त्याकडे एकदा बघा

मा. संरक्षणमंत्री साहेब,

जय हिंद. मी एका माजी हवालदाराची मुलगी, राहणार विक्रोळी, कन्नमवार नगर. बाबांची गाडी काश्मीरमध्ये कॉन्व्हॉयमध्ये असताना दरीत गेली, मणका गेला, कमरेखाली काही राहिलं नाही. १०० टक्के डिसॅबिलिटी लागली, पेन्शन वेळेवर येते, त्याबद्दल तक्रार नाही आणि हे पत्र पेन्शन वाढवा म्हणून लिहीतही नाहीये. माझं म्हणणं एवढंच आहे की जखमेचे पैसे सरकारने दिले पण त्या जखमी माणसाला रोज उचलणार कोण, त्याचा हिशोब कुणी नीट केलाच नाही.

हिशोब म्हणून जे आहे त्याला कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स म्हणतात, आम्ही घरात मदतनीस भत्ता म्हणतो. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ मध्ये तो ४,५०० चा ६,७५० झाला, महिन्याला. नियमाप्रमाणे पुढे पाव हिस्सा वाढ धरली तरी साडेआठ हजारांच्या आतच राहतो. आणि मुंबईत ब्युरोतून माणूस घ्यायचा तर आम्हाला सांगितलेला दर बारा तासांच्या एका पाळीला महिन्याला २५ हजारांच्या आसपास आहे, शिवाय चहा-जेवण आपलं, आणि पेशंट जड आहे म्हटल्यावर बायका येत नाहीत, पुरुष मदतनीस अजून महाग. रात्रपाळी धरली तर दुप्पट. म्हणजे तुमच्या भत्त्यात आठवडाभराचा माणूस मिळतो, उरलेला महिना आई.

आई काय करते ते सांगते, कारण फाइलवर ते कुठेच येत नाही. दर दोन तासांनी बाबांची कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा, नाहीतर बेडसोर होतो. एअर मॅट्रेस आहे पण तिने कूस बदलायचं काम वाचत नाही, आणि लाइट गेली की ती हळूहळू बसत जाते. कूस बदलायची म्हणजे नुसतं ढकलायचं नाही, खाली चादर दुमडून घालायची, एक गुडघा पलंगावर टेकवायचा, चादरीसकट माणूस स्वतःकडे ओढायचा, मग पाठीमागे उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाच अधांतरी राहील अशी तिसरी उशी. मग कंबरेखालची हाडावरची जागा बॅटरी लावून बघायची, लाल झालीये का. युरीन बॅग रिकामी करायची, कॅथेटरची, म्हणजे लघवीची, नळी कुठे मुरगळली नाही ना ते बघायचं, कारण बाबांना कमरेखाली काही कळतच नाही, नळी तुंबली तर त्यांना आधी घाम फुटतो, डोकं ठणकायला लागतं आणि तेव्हा आम्हाला कळतं. हे सगळं साहेब, पासष्टी ओलांडलेली बाई करते जिचे स्वतःचे गुडघे गेलेत. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आम्ही कधीपासून पुढे ढकलतोय कारण डॉक्टर म्हणाले नंतर काही दिवस वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. तिला आजारी पडायचीही सोय नाही.

आता दुसरी गोष्ट. हा भत्ता १०० टक्के डिसॅबिलिटी असेल आणि मेडिकल बोर्डाने शिफारस केली तरच मिळतो. बाबांच्या पलटणीतले एक काका आहेत, डोक्याला मार लागला होता, टक्केवारी ६० लागली. चालतात, बोलतात, स्वतःच्या हाताने जेवतात. पण गॅस चालू ठेवून विसरतात, अर्ध्या रात्री दार उघडून ड्युटीवर निघतात, एकदा थेट ठाणे स्टेशनवर सापडले. काकू त्यांना सोडून खाली दूध आणायलासुद्धा जाऊ शकत नाहीत. त्या घराला मदतनीस लागतो की नाही? लागतो. भत्ता मिळतो? नाही, कारण ६० म्हणजे १०० नव्हे. आणि गंमत बघा, गंमत कसली, वाईटच वाटतं, पेन्शनच्या हिशोबात सरकारच ही टक्केवारी तंतोतंत धरत नाही. ब्रॉड बँडिंग म्हणून नियम आहे, टक्केवारी वरच्या टप्प्याला नेण्याचा, त्यात ५० च्या खालचा ५० धरतात, ५० ते ७५ चा ७५, आणि ७६ पासून पुढे सरळ १००. नोकरी पूर्ण करून रिटायर झालेल्यांनाही त्याचा फायदा मिळायला हवा हे सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये राम अवतार यांच्या केसमध्ये सांगितलं. म्हणजे आकडा अंदाजे असतो हे सगळ्यांना मान्य आहे. मग मदतनीस द्यायचा की नाही हे आकड्यावर का ठरवायचं, गरज बघून ठरवा ना. उठता येतं का, संडासला एकट्याने जाता येतं का, घरात एकटं सोडता येतं का, एवढे तीन प्रश्न विचारले तरी पुरे.

आणि शहर. घरभाडे भत्ता देताना हेच सरकार मुंबईला एक्स, म्हणजे सगळ्यात वरच्या वर्गाचं, शहर म्हणतं आणि सगळ्यात खालच्या झेड वर्गातल्या गावाच्या तिप्पट टक्के देतं, कारण इथे राहणं महाग आहे हे मान्य आहे. मदतनिसाला मात्र मुंबईत तोच दर आणि साताऱ्यातल्या खेड्यातही तोच. लोक म्हणतात गावाला जाऊन राहा. गावाला जाऊ, पण बाबांचा यूरॉलॉजिस्ट इथे, नौदलाचं अश्विनी हॉस्पिटल इथे कुलाब्याला, माझी नोकरी इथे. कमरेखाली लुळ्या झालेल्या जवानांसाठीचं पुण्याजवळ खडकीचं पॅराप्लेजिक सेंटर मला माहितीये, १९७४ पासून आहे, तिथली माणसं मनापासून काम करतात आणि ज्याला कोणी नाही त्याच्यासाठी तर तो मोठाच आधार आहे. पण ज्याला बायको आहे, नातवंडं आहेत त्याने ती सोडून पुण्याला जाऊन राहायचं का? पहिल्या महायुद्धातल्या जखमी जवानांसाठी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ ला सुरू झाली ती मुंबईतच, खडकीला नंतर गेली. त्या काळात सरकारला मुंबईत सोय करता आली होती.

तरुण पोरांचं तर मला जास्त वाटतं. एनडीए, आयएमए अशा सैनिकी अकादमींमध्ये अधिकारी व्हायचं ट्रेनिंग करताना जखमी होऊन घरी पाठवलेल्या कॅडेट्सचा विषय सुप्रीम कोर्टाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये स्वतःहून हातात घेतला, त्यानंतर त्यांना ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची उपचार योजना, मिळाली, हे चांगलं झालं. पण १०० टक्के डिसॅबिलिटी असलेल्या कॅडेटलाही मदतनिसाचे तेच ६,७५० ठरवलेले आहेत. विशीतला मुलगा आहे तो, आज त्याची आई उचलते, ती सत्तरीची झाल्यावर कोण? अग्निवीराला १०० टक्क्यांना ४४ लाख एकरकमी मिळतात, सेवा निधी, म्हणजे नोकरीत जमलेली रक्कम, वगैरे वेगळं. आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण मुंबईच्या दराने एका पाळीचा माणूस ठेवला तर वर्षाला ३ लाख होतात, म्हणजे दर एक रुपयाही वाढला नाही असं धरलं तरी ४४ लाख १५ वर्षं पुरत नाहीत. तो पोरगा तेव्हा पस्तीस-छत्तीसचा असेल.

डिसॅबिलिटी पेन्शनचा गैरफायदा घेतला जातो अशी चर्चा होते, सप्टेंबर २०२३ मध्ये एंटायटलमेंटचे, म्हणजे ही पेन्शन कुणाला लागू होते त्याचे, नियमही नवे आले, बीपी-शुगर कुठे धरायचं कुठे नाही त्या वादात मी पडत नाही. पण ज्याला कूस बदलता येत नाही तो सोंग करत नाही साहेब. त्या वादात ही माणसंही भरडली जातात, प्रत्येक कागदावर संशयाने बघितलं जातं, एका ऑफिसात मला विचारलं की पेशंटला घेऊनच का नाही आलात. बाबा पलंगावर आहेत हे लिहिलेलं सर्टिफिकेट त्यांच्या हातात होतं.

आठवा वेतन आयोग न्या. रंजना देसाईंच्या अध्यक्षतेखाली बसलाय, म्हणून आत्ता लिहितेय. तुमच्या खात्याकडून त्यांच्यासमोर हे जाऊ द्या की मदतनीस भत्ता गरजेवर ठरावा, १०० च्या आकड्यावर नाही, आणि त्याचा दर शहराच्या वर्गाप्रमाणे असावा, निदान एका पाळीचा माणूस त्यात यावा. माणूस ठेवायचा नसेल आणि बायकोच करत असेल तर तो भत्ता तिच्या खात्यात, तिच्या नावाने जाऊ द्या. कॅथेटर बदलायला आणि जखमा बघायला महिन्यातून एकदा ट्रेन्ड नर्स घरी यावी, आम्हाला तरी आजवर ही सोय मिळालेली नाही. आणि मुंबईत कुठेतरी, अगदी चार-पाच खाटा का असेनात, अशी जागा द्या जिथे पंधरा दिवस बाबांना ठेवता येईल. म्हणजे आईच्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेता येईल.

आपली,
एका माजी हवालदाराची मुलगी
विक्रोळी पूर्व, मुंबई