उद्यमनगरातल्या वायरमनदादांना, सीटबद्दल

दादा, सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात तुम्हाला सगळे दादाच म्हणतात, मीही तेच म्हणते. आभार मानायला गेले तर 'अहो ताई, वायर तर जोडली' म्हणत तुम्ही दुसऱ्या गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घातलंत. मग हे असं चारचौघांत लिहावं लागतंय.

आमची गाडी सेकंडहँड. ड्रायव्हरच्या दारावर १, २ आणि सेट अशी बटणं. १ माझं, २ ह्यांचं; दाबलं की सीट ज्याच्या त्याच्या लक्षात ठेवलेल्या जागी आपोआप जाते. मी पाच फुटांची, हे सहा फुटांचे. ह्यांनी गाडी नेली की सीट पार मागे, आणि माझा पाय ब्रेकपर्यंत धड पोचत नाही. म्हणजे लोकांना चैन वाटते ती मेमरी सीट माझ्यासाठी गरजेची गोष्ट. ऐन पावसाळ्यात १ दाबलं तर सीट ढिम्म. नेहमीच्या स्विचने पुढे घ्यायला जावं तर दोन बोटं सरकायची आणि थांबायची. सोडून परत दाबलं की परत दोन बोटं. कॉलेजच्या घाईत हा सकाळचा कार्यक्रम.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी स्कॅनर लावला आणि सांगितलं, सीटचं मॉड्यूल, म्हणजे सीट चालवणारा छोटा कॉम्प्युटर, गेलंय, मोटरसकट बदला. आकडा ऐकून ह्यांनी मला पाठीला उशी घेऊन बसायचा सल्ला दिला. त्या उशीचं काय झालं ते इथे लिहीत नाही.

तुम्ही आधी इग्निशन चालू केलं, गियर पार्कवर आहे ना ते पाहिलं, कारण गाडी चालती असताना मेमरी मुद्दामच सीट हलवत नाही. मग फक्त स्विच दाबत राहिलात आणि कान लावून ऐकलंत. 'ताई, मोटर फिरतीया, जोर बी हाय. मग ती खराब कशी?' पाठ आणि उंची नीट चालत होती, अडत होतं ते फक्त पुढे-मागे. म्हणजे फ्यूज ठीक. मल्टिमीटर लावून मोटर फिरत असताना कपलरवर, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगवर, व्होल्टेज खाली उतरत नाही हेही बघितलंत. म्हणजे सप्लाय ठीक, अर्थिंग ठीक. सीट ज्यावर सरकते त्या रेलमध्ये टॉर्च फिरवून नाणं, पेन, काही अडकलंय का तेही झालं. कार्पेट उचलून खाली हात फिरवलात तेव्हा मी विचारलं कशाला, तर म्हणालात, २०१९ आणि २०२१ च्या पुरातल्या गाड्या धुऊन-पुसून विकल्या गेल्यात, गाळ आहे का बघतो. नव्हता. सेकंडहँड घेताना हे कुणी सांगितलं असतं तर!

मग तुम्ही जे समजावलंत ते मी आता स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकवते. मोटरच्या शाफ्टवर छोटं चुंबक, शेजारी ते चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर. शाफ्ट फिरला की सेन्सर मॉड्यूलला पल्स, म्हणजे विजेचे छोटे ठोके, पाठवतो, आणि मॉड्यूल ते मोजत बसतं. सीट कुठे आहे हे त्याला त्या मोजणीवरूनच कळतं. पल्स आलेच नाहीत तर त्याला वाटतं सीट कुठे तरी अडकली, आणि मोटर जळू नये म्हणून ते करंट तोडतं. दोन बोटं सरकून थांबण्याचं कारण हेच. आणि जिथे आपण आहोत तेच माहीत नाही, तिथून १ नंबरला जायचं कसं?

थोडक्यात, मॉड्यूल आपलं काम चोख करत होतं आणि आम्ही त्यालाच हाकलायला निघालो होतो.

सीट काढायच्या आधी तुम्ही बॅटरीची निगेटिव्ह काढलीत आणि चहा मागवलात. मला वाटलं कंटाळलात. पण सीटखालचा पिवळा कपलर बाजूच्या एअरबॅगचा, आणि बॅटरी काढल्यावरही त्यात थोडा वेळ चार्ज राहतो, म्हणून चहा संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हे तुम्ही तिथल्या पोराला दरडावून सांगितलंत. तेवढ्या एका चहासाठी मी तुमच्याकडे कुणालाही डोळे झाकून पाठवीन.

सीट उलटी केल्यावर हार्नेसची, म्हणजे वायरींच्या जुडग्याची, टेप सोलून एकेक बारीक वायर चिमटीत धरून ओढत गेलात. बाकीच्या ताठ राहिल्या. एक मात्र, सेन्सरची, रबरासारखी ताणली गेली. वरचं कव्हर साबूत आणि आतलं तांबं तुटलेलं. सीट पुढे-मागे होताना हार्नेस जिथे दुमडतो, नेमकी तिथेच. नुसत्या डोळ्यांनी ती कुणाला दिसली नसती. जोड त्याच जागी दिला तर सोल्डरने वायर कडक होऊन शेजारीच परत तुटेल, म्हणून तुम्ही नवीन लांब तुकडा घालून दोन्ही जोड न हलणाऱ्या भागात नेलेत, वर स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आकसणारी नळी, चढवून गरम केलीत. तेव्हा पोरगा टॉर्च धरून इतका वाकला होता की तुम्ही त्याला 'सावली पाडू नको' म्हणून ओरडलात.

बॅटरी जोडल्यावर काम संपलं असं मला वाटलं. तुम्ही सीट एका टोकाला नेऊन स्विच दाबून धरलात, मग दुसऱ्या टोकाला, मग पाठ, मग उंची, म्हणजे मॉड्यूलला टोकं नव्याने कळतील. ही पद्धत गाडीगणिक वेगळी, हेही बजावलंत. बॅटरी काढल्यामुळे खिडकीची काच एका दाबात वर जाईना, तीही वर नेऊन बटण धरून ठेवलंत आणि शिकवलीत. शेवटी मला बसवून सेट, मग १. बीप वाजला.

मॉड्यूल-मोटरच्या नावाखाली तुम्ही माझ्याकडून सहज हजारो घेऊ शकला असता, मला काय कळणार होतं? तुम्ही वायर, स्लीव्ह आणि मजुरीचे पैसे घेतलेत आणि तुटलेला तुकडा माझ्या हातात ठेवलात. तो मी ह्यांना दाखवला.

एक काम आणखी आहे. माझी बहीण सांगलीहून येणार आहे. तिच्या गाडीत रिव्हर्स टाकला की डावा आरसा खाली झुकतो, पण परत वर येत नाही. तिला म्हटलंय, आधी दादांकडे जा, मग कुठे स्कॅनर लावायचा तो लाव. दुपारी दोननंतर पाठवू की सकाळीच, तेवढं कळवा.

तुमची,
१ नंबरवाली ताई