उंचीच्या हिशोबाने आखलेला रस्ता

डेन्व्हर
ती. बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, कोलोरॅडोतल्या आपल्या सहलीचा तुम्ही नकाशावर आखून पाठवलेला कार्यक्रम मी नीट पाहिला. अंतरं बरोबर आहेत, पण तो किलोमीटरवर बेतलाय आणि हा प्रवास फुटांवर बेतायला हवा. तुमच्या आराखड्यात तिसरी रात्र सिल्व्हर्टनला आहे. ते गाव ९,३१८ फुटांवर आहे. कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट, म्हणजे तुम्ही जिथे झोपायचं ठरवलंय ती जागा कळसूबाईपेक्षा जवळजवळ चार हजार फूट वर. दिवसा तिथे हिंडायला हरकत नाही. त्रास झोपेत होतो. श्वास आपोआप मंदावतो, मध्येच दचकून जाग येते, सकाळी डोकं जड. म्हणून नियम एकच ठेवलाय: दिवसा कितीही वर जाऊ, रात्री खाली उतरून झोपू.

गौरी-गणपती झाले की निघा आणि २२ सप्टेंबरच्या आत इथे पोचा. डेन्व्हर ५,२८० फुटांवर, साधारण कळसूबाईएवढंच. इथे चार-पाच दिवस काढले की शरीराला सवय होते आणि तुमची उलटीपालटी झालेली झोपही जागेवर येते. २७ ला निघू. आई, घटस्थापनेच्या आधी घरी असू, पण निघायची तारीख याहून पुढे ढकलता येणार नाही. सान हुआन डोंगरातली अ‍ॅस्पेनची झाडं सप्टेंबरच्या शेवटच्या आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पिवळी होतात. ती पंचांग बघत नाहीत.

झाडाबद्दल थोडं, कारण आईने विचारलंय की एका झाडासाठी एवढं कशाला. अ‍ॅस्पेनच्या पानाचा देठ चपटा असतो, तोही पानाच्या पात्याला काटकोनात. त्यामुळे झुळूक आली तरी पान वळवळतं. पिंपळाचं पान लांब, बारीक देठामुळे सळसळतं, तसाच प्रकार, फक्त इथे अख्खा डोंगर सळसळतो. एका मुळातून शेकडो खोडं वर येतात, म्हणून एक पट्टा एकाच दिवशी पिवळा होतो आणि शेजारचा हिरवाच राहतो. हिरवं द्रव्य संपलं की पानात आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. रंग वरून खाली उतरत येतो. एखाद्या रात्री जोराचा वारा किंवा बर्फ आला तर खिंडीतली झाडं सकाळपर्यंत बोडकी होतात. असं झालं तर चिडायचं नाही, दोन हजार फूट खाली यायचं. तिथे खुरटे ओक लालसर-तपकिरी झालेले असतात.

पहिल्या दिवशी २८५ क्रमांकाच्या रस्त्याने केनोशा खिंड (१०,००० फूट). अ‍ॅस्पेन पहिल्यांदा तिथेच भरभरून दिसेल. पुढे सान लुईसचं सपाट खोरं, मग वुल्फ क्रीक खिंड आणि मुक्काम पगोसा स्प्रिंग्जला. पाच तासांचं ड्रायव्हिंग, थांबत थांबत आठ तास धरा. पगोसाला गरम पाण्याची कुंडं आहेत, पण त्या दिवशी पाय बुडवण्यापुरतीच. प्रवासाने अंगातलं पाणी कमी झालेलं असताना गरम पाण्यात बसलं की उठताना चक्कर येते, आणि बाबा बीपीची गोळी घेतात. दुसऱ्या दिवशी फक्त ६० मैल, डुरँगोपर्यंत. उंची ६,५१२ फूट. संपूर्ण विश्रांती.

तिसरा दिवस खरा. डुरँगो ते सिल्व्हर्टन ४८ मैल, तिथून युरे आणखी २३ ते २५. बाबा, तुम्ही ही फेरी युरेकडून डुरँगोकडे धरली होती, मी ती उलटी केलीय. कारण साधं आहे. इथे गाडी उजवीकडून चालते. युरेकडून दक्षिणेला चढलात तर दरीची कड आपल्या लेनला लागून येते, आणि त्या घाटात मोठ्या भागात कठडाच नाही. कठडा नसण्याचं कारण बर्फ. नांगर लावलेल्या गाड्या हिवाळ्यात रस्त्यावरचं बर्फ थेट दरीत लोटतात, कठडा असला तर ते लोटायला जागाच उरणार नाही. सिल्व्हर्टनकडून उत्तरेला आलं की डोंगराची भिंत आपल्या बाजूला राहते आणि दरी समोरून येणाऱ्यांच्या वाट्याला. आईच्या डोळ्यांना यातच बरं वाटेल. काही वळणांवर वेगाची पाटी ताशी १० ते १५ मैलांची आहे, म्हणजे १६ ते २४ किलोमीटर. आपल्या वरंध घाटासारखंच चालवायचं. फक्त ऑटोमॅटिक गाडीला हाताने खालच्या गिअरमध्ये घालायचं. उतारभर ब्रेक दाबून धरला की तो तापतो, जळका वास येतो आणि पुढे पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. मागे कोणी घाई करत असेल तर रुंद जागा बघून बाजूला घ्यायचं. तुम्ही आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, सपाट भागात चालवायला देईन. हा घाट मात्र मीच चालवणार. त्यावर चर्चा नको.

या तुकड्याला मिलियन डॉलर हायवे म्हणतात. भरावात सोन्याचं खनिज गेलं म्हणून, की मैलाला दहा लाख डॉलर लागले म्हणून, याबद्दल दोन्ही गोष्टी सांगतात. मूळ रस्ता ऑटो मिअर्स नावाच्या माणसाने १८८० च्या दशकात बांधला, टोल घेऊन. माथ्यावर रेड माउंटन खिंड, ११,०१८ फूट. तिथे दहा मिनिटं, फोटो, खाली. लाल डोंगर लोखंडाच्या गंजामुळे लाल दिसतात, आणि खालची अनकंपाग्रे नदीही केशरी दिसते. पाणी सुंदर दिसलं तरी आईने तोंड धुवायला जायचं नाही. खाणींचं आम्ल त्यात उतरतं. सिल्व्हर्टनच्या वरच्या एका जुन्या खाणीतून ऑगस्ट २०१५ मध्ये असंच पाणी फुटलं होतं आणि अख्खी अ‍ॅनिमस नदी पिवळी झाली होती.

सिल्व्हर्टनला डुरँगोहून वाफेच्या इंजिनाची गाडी येते, १८८२ पासून. रूळ तीन फुटी, आपली माथेरानची गाडी दोन फुटी, त्यामुळे आईला ओळख पटेल. पण बसायचं नाही. एका बाजूला साडेतीन तास, बाक कडक. दुपारी गाडी आली की गावातल्या सगळ्या खानावळींत एकदम रांग लागते. आपण अकरालाच जेवून घेऊ.

मुक्काम युरेला, दोन रात्री. ७,७९२ फूट. तिन्ही बाजूंनी कडे, त्यामुळे ऊन लवकर जातं. संध्याकाळी सहाला स्वेटर लागेल, रात्री तापमान शून्याच्या आसपास. हे गाव आणि सगळं खोरं मुळात यूट या आदिवासी लोकांचं. त्यांच्याच प्रमुखाचं नाव गावाला दिलं आणि १८८१ मध्ये त्यांना इथून हाकललं. पाटीवर नाव वाचाल तेव्हा हे लक्षात असू द्या.

आता आईच्या प्रश्नांची उत्तरं. किटली आणू नकोस. इथे वीज १२० व्होल्टची. आपली २३० व्होल्टची १,५०० वॅटची किटली इथे जेमतेम ४०० वॅट देईल, पाणी तापायला अर्धा तास. माझी इथली किटली घेऊन जाऊ. युरेला पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळतं, म्हणून चहा पाचऐवजी सात मिनिटं ठेव. कुकरशिवाय डाळ शिजत नाही, भातही कडक राहतो. घरून मी कोरडे दडपे पोहे आणि उपम्याचा भाजलेला रवा भरून घेईन, उकळत्या पाण्यात झाकून ठेवले की होतात. तू चिवडा, भडंग, मेतकूट, लसणाची चटणी आण आणि विमानतळावर अधिकाऱ्याला खाण्याचे पदार्थ असल्याचं सांग. सांगितलं की फार तर पिशवी उघडून बघतात, लपवलं की दंड. ताजा कढीपत्ता अजिबात नको, तो काढून घेतात. चिवड्यात तळलेला असतो तेवढा चालतो, पण वेगळी जुडी नको. आणि खिंडीत चिवड्याची बंद पाकिटं फुग्यासारखी फुगतील. हवेचा दाब कमी म्हणून, खराब झाली म्हणून नाही.

हाच चिवडा रात्री गाडीत ठेवायचा नाही. शरद ऋतूत अस्वलं हिवाळ्यासाठी दिवसभर खात असतात आणि वासावर येऊन गाडीचं दार उघडतात. युरेत आणि डुरँगोत हे नेहमीचं आहे. च्युइंगगमसुद्धा खोलीत घेऊन जायचं.

स्वच्छतागृहांचं सांगते, कारण तू विचारणार नाहीस. डुरँगो-सिल्व्हर्टनच्या मध्ये कोल बँक खिंडीत आहे, पण तिथे पाणी नाही. गाडीत दोन लिटरची बाटली फक्त त्यासाठी ठेवू. पुरुषांनी आडोसा शोधायचा बेत करू नये. हे बाबांसाठी.

पेट्रोलची टाकी अर्ध्याखाली गेली की भरायची. डोंगराळ कोलोरॅडोत सर्वांत स्वस्त पेट्रोल ८५ ऑक्टेनचं असतं. आपल्या गाडीला किमान ८७ लागतं, म्हणजे मधलं बटण. हिरवा पाइप इथे बहुतेक ठिकाणी डिझेलचा, हात त्याच्याकडे जाऊ देऊ नका. भारतीय कार्डाला पंप पिनकोड विचारतो आणि नाकारतो. आत जाऊन आधी पैसे द्यायचे.

पाचव्या दिवशी रिजवेमार्गे डॅलस डिव्हाइड, तिथून स्नेफल्स शिखराखाली पसरलेला पिवळा पट्टा दिसतो. कार्डावर छापतात तो देखावा हाच, सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर बघायचा. मधल्या उन्हात सगळं फिकं. मग टेल्युराइड. तिथली गंडोला (रोपवे) फुकट आहे, १३ मिनिटांत १०,५०० फुटांवरून पलीकडे नेते, गुडघ्यांना एक पायरी नाही. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात ती काही आठवडे बंद असते, म्हणूनही उशीर नको.

बाबा, वीज मंडळातून निवृत्त झालेल्या माणसासाठी खरी जागा टेल्युराइडच्या पुढे आहे: एम्स. १८९१ मध्ये इथे पाण्यावर वीज तयार करून ती सुमारे चार किलोमीटर दूरच्या खाणीला दिली, ३,००० व्होल्टने, आल्टरनेटिंग करंटची. उद्योगासाठी एसी वीज विकण्याच्या जगातल्या अगदी पहिल्या प्रयोगांपैकी हा. खोपोलीचं टाटांचं केंद्र १९१५ चं, म्हणजे एम्स त्याच्या २४ वर्षं आधीचं. एम्सचं केंद्र अजून चालू आहे. आत जाता येत नाही, बाहेरून बघायचं, शेवटचा रस्ता मातीचा. पाऊस झाला असेल तर नाही जायचं.

मग लिझर्ड हेड खिंड, डोलोरेस नदीकाठाने कोर्टेझ. सहाव्या दिवशी मेसा वर्दे: बाराव्या-तेराव्या शतकातली, कड्याच्या पोटात बांधलेली दगडी घरं. आपल्याकडे देवगिरीला यादव होते तेव्हाची. आत उतरायला शिड्या आणि शंभरेक ओबडधोबड पायऱ्या आहेत. आपण समोरच्या कड्यावरून बघू, तिथूनच घरं सगळ्यात चांगली दिसतात. ज्येष्ठांचा सवलत-पास फक्त इथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळतो, तेव्हा काउंटरवर वयाचा पुरावा दाखवू नका.

दिवस मावळल्यावर गाडी चालवायची नाही. हरणं आणि एल्क (मोठ्या जातीची हरणं) रस्त्यावर येतात.

औषधं हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. दोघांनी जाण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा: ११,००० फुटांवर थोडा वेळ चालेल का, आणि डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यावी का. आता आहेत त्या आजारांचाही खर्च भरून देणारा प्रवासविमा घ्या, नुसता स्वस्त नको. मोठी रुग्णालयं डुरँगो आणि माँट्रोझला आहेत, म्हणजे या फेरीत कुठेही दीड-दोन तासांच्या आत. डोकं दुखून उलटीसारखं वाटलं, चालताना झोक गेला, तर मला लगेच सांगायचं. बाबा, "काही नाही, जरा पित्त आहे" चालणार नाही. हजार-दोन हजार फूट खाली उतरणं हा त्यावरचा पहिला उपाय, आणि युरेहून माँट्रोझला पाऊण तासात उतरता येतं.

नाकात घालायचे मिठाच्या पाण्याचे थेंब आणि व्हॅसलिन आणा, हवा फार कोरडी आहे. बाबांचे बूट जुनेच असू देत, नवे घ्यायचे तर ऑगस्टमध्येच घेऊन रोज फिरायला घालून जा. तिकिटाची तारीख कळवा म्हणजे मी युरेची खोली पक्की करते. तळमजल्याची मागितली आहे.

तुमची,
मनू