दुष्ट बाईकडे दाखला मागू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एका नव्या कादंबरीचं परीक्षण आलं आहे. परीक्षणकर्त्यांनी भाषेला शाबासकी दिली, रचनेला दिली, आणि शेवटच्या परिच्छेदात लेखिकेचे कान उपटले. का, तर नायिका कुजकी आहे, येईल त्याला घालूनपाडून बोलते, आणि ती अशी का झाली याचं कारण लेखिका कुठेच देत नाही. त्यामुळे ती आपलीशी वाटत नाही.

मी कादंबरी मिळवली आणि दोन रात्रींत संपवली. नायिका कुजकी आहे, यात शंका नाही. धाकट्या बहिणीचं पत्र ती फोडून वाचते, पुन्हा नीट चिकटवून ठेवते, आणि मग बहीण आपणहून बातमी कधी सांगते याची आठवडाभर मजेत वाट बघते. बहीण सांगते तेव्हा चेहऱ्यावर काहीही न दाखवता म्हणते, "असं? मला वाटलं काहीतरी महत्त्वाचं असेल." मी तिथे पुस्तक मिटून उठले आणि खोलीत एक फेरी मारून आले. इतकी ती मला ओळखीची वाटली. परीक्षणकर्त्यांना ती आपलीशी वाटली नाही हा त्यांचा प्रश्न, पण 'कारण दिलेलं नाही' हा दोष कधीपासून झाला, एवढं मला विचारायचं आहे.

माझी ओळख सांगते. एका सार्वजनिक वाचनालयात मी २७ वर्षं काम केलं, त्यातली बरीचशी देवघेवीच्या खिडकीवर. परत आलेल्या पुस्तकांची पानं चाळायची, फाटलं असेल तर डकवायचं आणि वाचकांनी समासात केलेलं पेन्सिलीचं लिखाण खोडायचं, हे माझं रोजचं दुपारचं काम. खोडरबर महिन्याला एक लागायचा. शाईत लिहिणारे वेगळे, त्यांच्याबद्दल बोलत नाही.

खोडण्याआधी अर्थातच वाचायचे. खुनी पुरुष, दगाबाज पुरुष, बायकामुलांना वाऱ्यावर सोडणारे पुरुष यांच्या शेजारी समास बहुतेक कोरा असे. फार तर एखादं 'जबरदस्त!' इंग्रजी कादंबऱ्यांच्या अनुवादांत 'वुदरिंग हाइट्स'ला कायम मागणी. १८४७ सालची कादंबरी. तिच्यातला हीथक्लिफ ज्या मुलीला पळवून नेतो, तिच्याच लाडक्या कुत्र्याला फासाला लटकवून निघतो. ते प्रकरण संपल्यावर थोडं पुढे कुणीतरी लिहून ठेवलं होतं, 'प्रेम असावं तर असं.' मी ते खोडलं, पण जरा जास्तच दाबून. कागद विरला तिथे.

बाईने नुसतं एक वाक्य तिरकस बोलायचा अवकाश, समास भरलाच. 'हिला लाज नाही?' 'आता बरी खोड मोडली.' 'कैदाशीण!' एकदा एका खाष्ट सासूच्या पानावर कुणी लिहिलं होतं, 'असली बाई खरी असू शकत नाही', आणि खाली वेगळ्या अक्षरात उत्तर होतं, 'आमच्याकडे या.' 'नटसम्राट'च्या तर तीन प्रती होत्या. बापाला घरात ठेवणं जड जातं ते मुलाला, सुनेला, मुलीला, सगळ्यांनाच. पेन्सिलीचा मार मात्र तिन्ही प्रतींत सून आणि मुलगी यांनीच खाल्ला. मुलगा साफ सुटला होता. (जाता जाता: अवदसा, हडळ, कैदाशीण, सटवी या शब्दांची पुल्लिंगी रूपं करून बघा. मी एका पावसाळी दुपारी बसून प्रयत्न केला होता.)

हा दुजाभाव नवा नाही, सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्यावर मी संपादकांना पत्र लिहिलं नसतं. मला बोचतो तो त्याच्या पुढचा प्रकार. शिव्या देणारा वाचक परवडला, तो निदान बाईला दुष्ट म्हणतो. समजूतदार वाचक तिच्यासाठी वकीलपत्र घेतो. लहानपणी काहीतरी झालं असेल, नवरा वाईट असेल, मूल गेलं असेल. एकदा दुःखाचा दाखला जोडला की अर्ज मंजूर, मग बाई कितीही दुष्ट असो. दाखला नसेल तर लेखिकेचं पात्र फसलं.

आपल्याकडे ही वकिली फार जुनी आहे. कैकेयीचंच घ्या. वाल्मीकींनी तिला मंथरा दिली, म्हणजे विष कालवणारं दुसरं कुणी. (मंथरा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर १९८७ सालच्या दूरदर्शन मालिकेतल्या ललिता पवारच येतात.) पण वाल्मीकींकडे निदान कैकेयी आपल्या डोळ्यांदेखत बदलते. रामाला राज्याभिषेक होणार हे ऐकून आधी ती खूश होते, मंथरेला दागिना काढून देते. आणि मग हळूहळू ऐकत जाते. ते ऐकत जाणं मला रामायणातला सगळ्यात भीतिदायक भाग वाटतो, कारण तिथे कुणी राक्षस नाही. पुढच्यांना मात्र एवढंही सोसवेना. अध्यात्म रामायणात देवच सरस्वतीला पाठवतात. ती आधी मंथरेच्या आणि मग कैकेयीच्या ठायी शिरते, म्हणजे बोलणारी कैकेयी नव्हेच. आणि भासाच्या 'प्रतिमा' नाटकात तर कैकेयी पूर्ण निर्दोष सुटते. दशरथाला मुनीचा शाप आहे, पुत्रवियोगाने मरण येणार आहे, तेव्हा शाप खरा होण्यापुरता वियोग व्हावा म्हणून तिने वनवास मागितला. म्हणायचे होते चौदा दिवस. मन गोंधळलं आणि तोंडून निघून गेलं चौदा वर्षं!

भास मोठा नाटककार, कालिदासाने ज्याचं नाव आदराने घेतलं असा. नाटक म्हणून ती कल्पना भारीच आहे. पण मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कैकेयीचीच कीव आली. बिचारीची उभ्या महाकाव्यात एक कृती स्वतःची होती, तीही जिभेची चूक म्हणून काढून घेतली.

तिकडे जर्मनीत ग्रिम बंधूंनीही तेच केलं, फक्त वेगळ्या तऱ्हेने. हिमगौरीच्या गोष्टीतली मत्सरी राणी १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत मुलीची सख्खी आई आहे. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हान्सेल आणि ग्रेटेलला जंगलात सोडून यायला लावणारी बाईही आधी आईच होती. १८४० पर्यंत तिचीही सावत्र आई करून टाकली. आईचा दुष्टपणा पोरांच्या पुस्तकात नको, म्हणून तो सावत्र आईच्या नावावर चढवला. जगभरच्या सावत्र आयांना याबद्दल कुणी नुकसानभरपाई दिल्याचं ऐकिवात नाही.

याच्या उलट एक टोपी आहे. इब्सेनचं 'हेडा गाब्लर' हे १८९० सालचं नाटक. हेडाने पिस्तूल झाडलं, एका माणसाच्या आयुष्यभराच्या कामाचं हस्तलिखित शेकोटीत घातलं, हे सगळे सांगतात. मला विचाराल तर तिचा खरा गुन्हा टोपीचा. नवऱ्याच्या म्हाताऱ्या आत्याने मुद्दाम नवी टोपी घेतलेली असते. का, तर सुनेला आपल्याबरोबर रस्त्यातून चालताना कमीपणा वाटू नये. ती टोपी खुर्चीवर पडलेली दिसताच हेडा म्हणते, बघा, मोलकरणीने आपली जुनी टोपी इथेच टाकलीय. आत्याबाईंचा चेहरा पडतो. पुढच्या अंकात हेडा न्यायाधीश ब्राकला सांगून टाकते की टोपी आत्याची आहे हे तिला माहीत होतं. मग का बोललीस? तर तिला अशी एकदम लहर येते आणि ती आवरत नाही. का, ते तिचं तिलाच कळत नाही.

बस्स, एवढंच. इब्सेनने तिला दुःखाचा दाखला जोडलेला नाही. लष्करातल्या जनरलची मुलगी, कंटाळलेली, हे आहे. पण कंटाळलेल्या सगळ्याच बायका म्हाताऱ्यांच्या टोप्यांवर उठत नाहीत. ते कारण नसणं हाच त्या प्रवेशाचा गाभा आहे. उद्या कुणी रूपांतरकाराने हेडाच्या लहानपणी एखादी दुष्ट आत्या घालून ठेवली, तर परीक्षणकर्त्यांना ती आपलीशी वाटेल आणि नाटक मरेल.

आता मला हे इतकं का लागलं, ते सांगते. वाचनालयात माझं नाव 'खडूस बाई' होतं. माझ्याआधीचे ग्रंथपाल माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडत, ते 'शिस्तीचे' होते. ते राहू दे. गंमत अशी की माझ्याही बाजूने वकील उभे होते. "बाईंच्या घरी काहीतरी असणार", "एकट्या असतात ना", असं खिडकीपलीकडे कुजबुजलेलं मला स्वच्छ ऐकू येई. आणि मी ते चालू दिलं. घरी माझं उत्तम चाललं होतं, एकटी मी हौसेने राहत होते. पण दाखला आयता मिळत होता, कोण नाकारतो?

एक आजी यायच्या. आठवड्याला दोन पुस्तकं, आणि पुस्तक बदलताना पुस्तकातलं, घरातलं, गुडघ्यातलं, सगळं सांगायच्या. रांग खोळंबायची. एका शनिवारी रांगेत सात-आठ माणसं होती. मी तारखेचा शिक्का मारता मारता म्हटलं, "आजी, तुम्ही पुस्तकं वाचायला नेता की आम्हाला ऐकवायला? ऐकवायचीच असतील तर थोडक्यात असतील ती निवडा." रांग हसली. त्याही हसल्या. पुस्तकं पिशवीत घालताना त्यांचा हात दोनदा चुकला. पुढच्या आठवड्यात ती दोन पुस्तकं नातवाने आणून दिली, आणि त्या पुन्हा आल्या नाहीत.

त्या दिवशी माझं डोकं दुखत नव्हतं. कुणाशी भांडण झालं नव्हतं. वाक्य सुचलं, चांगलं होतं, रांग होती, म्हणून बोलले.

यानंतर काही वर्षांनी जेन ऑस्टेनची १८१५ सालची 'एमा' मी शब्दकोश शेजारी ठेवून इंग्रजीतून वाचत होते. माझ्याशिवाय कुणाला फारशी आवडणार नाही अशी नायिका मी घेते आहे, असं ऑस्टेन म्हणाल्याचं तिच्या भाच्याने नोंदवून ठेवलं आहे. बॉक्स हिलच्या सहलीत खेळ ठरतो: प्रत्येकाने एक अगदी हुशारीची गोष्ट सांगायची, किंवा दोन बऱ्यापैकी, नाहीतर तीन कंटाळवाण्या. गरीब, अविवाहित, अखंड बोलणाऱ्या मिस बेट्स म्हणतात, मग माझी सोय झाली, तोंड उघडलं की तीन कंटाळवाण्या निघतीलच. आणि एमा म्हणते, पण एका वेळी तीनच, ही तुमची अडचण होईल.

मला त्या पानावर घाम फुटला. माझं वाक्य, जवळजवळ दोनशे वर्षं आधी. एमा श्रीमंत आहे, देखणी आहे, तिला कसलं म्हणून दुःख नाही. ऑस्टेनने हे पहिल्याच वाक्यात सांगून वकिलांची वाट बंद केली आहे. समजा एमाला एखादं दुःख दिलं असतं, तर मी ते पान 'बिचारी' म्हणून उलटलं असतं आणि आजी मला आठवल्याही नसत्या. चांगल्या नायिका मी शेकड्यांनी वाचल्या. त्यांनी मला रडवलं, धीर दिला, दोनदा बसही चुकवायला लावली. पण त्या शनिवारची खिडकी मला त्यांच्यापैकी एकीनेही दाखवली नाही.

एमा दुसऱ्या दिवशी सकाळी मिस बेट्सकडे जाते. मी गेले नाही. सभासद नोंदवहीत पत्ता होता, वाट पंधरा मिनिटांची होती. आजींची अनामत रक्कमही परत न्यायला कुणी आलं नाही. निवृत्तीच्या वेळी हिशेब सोपवताना ती ओळ तशीच उघडी होती, आणि सभासद क्रमांक मला आजही पाठ आहे.

तेव्हा परीक्षणकर्त्यांना माझा निरोप असा: बहिणीचं पत्र फोडण्याचा तो प्रसंग पुन्हा वाचा. वाक्यं कशी बसवली आहेत, डिंकाची बाटली लेखिकेने आधीच्या प्रकरणात किती सहज टेबलावर ठेवून दिली आहे, ते बघा. तो प्रसंग पोकळ वाटला तर जरूर तसं लिहा, मी मुकाट्याने ऐकून घेईन. पण ती बाई तुमच्या घरी राहायला आलेली नाही, तेव्हा ती आवडली की नाही हे सांगायची गरज नाही. आणि लेखिका नवी आहे म्हणून एवढंच: पुढच्या आवृत्तीत नायिकेला कुणी एखादं आजारी मूल किंवा मेलेला प्रियकर चिकटवायला सुचवलं, तर ऐकू नये.

पत्र छापल्यास नाव छापू नये, ही विनंती. कारण देत नाही.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल