पगाराला तासांनी भागून फ्रीलान्सचा दर काढू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फ्रीलान्स कामाविषयी पुरवण्यांतून जे छापून येते, त्यात दोनच गोष्टी ठळक असतात : सकाळी उशिरा उठता येते आणि डोक्यावर साहेब नसतो. दोन्ही खऱ्या आहेत. पण नोकरी सोडावी का, या विचारात असलेल्याला त्यांचा काडीचा उपयोग नाही. त्याला हवा असतो हिशोब. तो मिळत नाही, म्हणून हातात उत्तम कला असलेली माणसे वर्षभर रात्री जागवून पुन्हा कचेरीची वाट धरतात आणि दोष मात्र ‘अनिश्चितते’ला देतात.

सर्वांत महाग पडणारी चूक पहिल्याच आठवड्यात होते. महिन्याच्या पगाराला कामाच्या तासांनी भागायचे आणि येईल तो आकडा आपला तासाचा दर म्हणून सांगायचा. पाच दिवसांच्या आठवड्याने वर्षाचे 260 दिवस, म्हणजे 8 तासांप्रमाणे 2,080 तास होतात. नोकरदाराला या सगळ्या तासांचे पैसे मिळतात, कारण सण, रजा आणि आजारपण पगारातच धरलेले असते. फ्रीलान्सरला ते मिळत नाही. या तिन्हींचे मिळून 30 दिवस वजा केले की उरतात 230 दिवस, म्हणजे 1,840 तास. त्यातलेही सगळे बिलात लावता येत नाहीत. कोटेशन बनवणे, नमुना पाठवणे, न मिळालेल्या कामासाठी केलेल्या बैठका, बिले, वसुलीचे फोन, नवे सॉफ्टवेअर शिकणे यांत 40 टक्के वेळ सहज जातो. उरतात साधारण 1,100 तास. 2,080ला 1,100ने भागले तर 1.89 येतात. म्हणजे पगाराइतकेच कमवायचे असेल, तरी दर जवळपास दुप्पट हवा. त्यावर कंपनी भरत असलेला भविष्यनिर्वाह आणि विम्याचा वाटा, संगणक, वीज, इंटरनेट, सॉफ्टवेअरचे परवाने. हे सारे पगाराच्या 25 टक्के धरले, तर गुणक 2.36वर जातो. कर यात धरलेला नाही, कारण तो दोन्हीकडे भरावाच लागतो.

हा आकडा ऐकून क्लायंट दचकतो. म्हणून तो स्वतःपाशी ठेवावा आणि समोरच्याला शक्यतो पूर्ण कामाची रक्कम सांगावी. तासाच्या दरात आणखी एक खोच आहे : हात बसला, काम झपाट्याने होऊ लागले, की कमाई कमी होते. पण पूर्ण कामाची रक्कम सांगायची तर लागणाऱ्या तासांचा अंदाज अचूक हवा आणि तो सहसा कमीच निघतो. कामाचे तुकडे पाडावेत. एखादा तुकडा चार तासांहून मोठा वाटला, तर तो आपल्याला अजून कळलेला नाही असे समजून पुन्हा फोडावा. पहिल्या चार-पाच कामांत प्रत्यक्ष लागलेले तास टिपून ठेवावेत आणि तोवर अंदाजाला सरळ दीडने गुणावे.

आता ‘जरासा बदल’. फ्रीलान्सरचे जितके तास या दोन शब्दांनी खाल्ले असतील, तितके कुठल्याच डेडलाइनने खाल्ले नसतील. ‘दोन वेळा दुरुस्ती मोफत’ एवढे लिहून भागत नाही, कारण ‘एक वेळ’ म्हणजे काय हे कुणीच ठरवलेले नसते. सोमवारी मार्केटिंगवाला लोगो मोठा करायला सांगतो, बुधवारी त्याचा वरिष्ठ तो लहान करायला सांगतो, शुक्रवारी मालकांना रंगच पटत नाही. ही एक दुरुस्ती की तीन? फोल्डरमध्ये मात्र ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नक्की’ आणि ‘फायनल नक्की 2’ अशा फाइली साठत जातात आणि छपाईला भलतीच जाते. (फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहिला, तर फाइली आपोआप क्रमाने लागतात. ‘फायनल’ शब्दावर मात्र बंदी.)

त्यामुळे व्याख्या करारातच करावी. एक दुरुस्ती म्हणजे क्लायंटच्या एकाच ठरलेल्या माणसाकडून, एकाच कागदावर एकत्र आलेल्या सगळ्या सूचना, काम दिल्यापासून सात दिवसांच्या आत. अशा दोन फेऱ्या ठरलेल्या रकमेत, तिसरीपासून तासाचा दर. मूळ मागणीच बदलली, तर ती दुरुस्ती नव्हे, नवे काम. त्याचे कोटेशन वेगळे. आणि ज्या वाक्याची सर्वांना लाज वाटते ते जरूर लिहावे : काम दिल्यापासून दहा दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर ते स्वीकारले असे धरले जाईल. हे वाक्य नसले, की शेवटचा हप्ता ‘साहेब बघतायत’ या एका उत्तरावर महिनोन्महिने लटकतो.

हप्त्यांची वाटणी 40-40-20 ठेवली तर बरी पडते : सुरुवातीला 40, पहिला मसुदा दिल्यावर 40, अंतिम काम दिल्यावर 20. शेवटचा हप्ता लहान असावा, कारण बुडतो तो तोच. कामावरचे हक्क पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्यावरच हस्तांतरित होतील, हेही लिहावे. वसुलीच्या वेळी हातात असणारे हत्यार तेच.

पैसे उशिरा येण्यामागे दरवेळी लबाडी नसते. कित्येकदा बिलावर पर्चेस ऑर्डरचा, म्हणजे काम देताना कंपनीने काढलेल्या लेखी ऑर्डरचा, क्रमांक नसतो, बँक खात्यावरचे नाव आणि बिलावरचे नाव जुळत नाही, किंवा बिल काम देणाऱ्या माणसाकडे पडून राहते आणि अकाउंट्सपर्यंत पोचतच नाही. मोठ्या कंपन्यांत बिले घेण्याची मासिक तारीख ठरलेली असते. ती 25 असेल आणि तुमचे बिल 26ला गेले, तर महिना गेलाच. काम सुरू करण्यापूर्वी अकाउंट्सला तीनच प्रश्न विचारावेत : बिल कोणाला, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या क्रमांकासह. ‘30 दिवसांत’ असे लिहिताना ते बिलाच्या तारखेपासून की बिल मंजूर झाल्यापासून, हे स्पष्ट करावे. मुदतीच्या तीन दिवस आधी एक साधी आठवण, मुदतीच्या दिवशी दुसरी, सात दिवसांनी तिसरी. आणि तिसरीनंतर पुढचे काम थांबवावे. चिडून लिहिलेल्या लांबलचक ईमेलपेक्षा थांबलेले काम लवकर वाचले जाते.

कायदा काही ठिकाणी पाठीशी आहे. न्यूयॉर्क शहरात 2017पासून 800 डॉलर आणि त्यावरच्या फ्रीलान्स कामाला लेखी करार लागतो. पैशांची तारीख ठरली नसेल, तर काम पूर्ण झाल्यापासून 30 दिवसांत रक्कम द्यावी लागते. युरोपीय संघाच्या 2011च्या निर्देशात उशिराच्या रकमेवर व्याजाची तरतूद आहे. भारतात 2006च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायद्याने नोंदणी केलेल्या सूक्ष्म व लघू उद्योगाचे पैसे देण्याची मुदत काम घेणाऱ्याला 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही आणि उशीर झाल्यास त्याला रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. पण या कुठल्याही तरतुदीचा आधार घ्यायचा, तर काम कधी दिले आणि काय ठरले होते याचा कागद लागतो. फोनवर ठरलेले त्याच संध्याकाळी दोन ओळींच्या ईमेलने पक्के करणे, एवढा कागदही पुष्कळ झाला.

महिन्याला ठरावीक तास राखून ठेवण्याचा, म्हणजे रिटेनरचा, करार मिळाला तर उत्तमच. त्यात एकच कलम विसरू नये : न वापरलेले तास महिनाअखेरीस संपतील. नाहीतर क्लायंट चार महिने गप्प बसतो आणि पाचव्यात साठलेले सगळे तास एकदम मागतो, नेमके दुसऱ्याचे काम ऐन भरात असताना.

एकाच क्लायंटकडून निम्म्याहून अधिक उत्पन्न येत असेल, तर ती रजा, विमा आणि नोटीस यांपैकी काही नसलेली नोकरी झाली. याच वाटेने कंपन्याही आपल्या माणसांना ‘सल्लागार’ म्हणवून त्याच टेबलावर, त्याच वेळेत बसवतात. ओळखण्याची खूण सोपी आहे : वेळ, जागा आणि पद्धत कोण ठरवते? कॅलिफोर्नियात 2020पासून लागू झालेल्या कायद्यात स्वतंत्र कंत्राटदार ठरण्यासाठी तीन अटी आहेत : कामावर कंपनीचे नियंत्रण नसणे, काम कंपनीच्या नेहमीच्या धंद्याबाहेरचे असणे आणि त्या माणसाचा स्वतःचा व्यवसाय उभा असणे. आपल्याला सल्लागाराचे पत्र मिळाले, तर हे तीन प्रश्न स्वतःला विचारून बघावेत.

नोकरी सोडण्याआधी किती शिल्लक हवी? जानेवारीत केलेल्या कामाचे बिल महिनाअखेरीस जाते, 45 दिवस लागले तर पैसे मार्चच्या मध्यावर येतात, आणि पहिले काम मिळायलाच एक-दोन महिने गेलेले असतात. त्यामुळे सहा महिन्यांचा घरखर्च ही चैन नाही, किमान आहे. आलेल्या प्रत्येक रकमेतून कराचा वाटा त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकावा. तो मागाहून काढू म्हटले की निघत नाही.

शेवटी एक विनंती, संपादक महोदय, आपल्या क्षेत्रालाच. वृत्तपत्रे आणि नियतकालिकेही मुक्त लेखक, छायाचित्रकार आणि भाषांतरकारांकडून काम घेतात. या व्यवसायात मानधन ‘छापून आल्यावर’ देण्याची रीत आहे. लेख कधी छापायचा हे लेखकाच्या हातात नसते. जाहिरात आली म्हणून पान गेले, तर त्याचे मानधनही पुढच्या महिन्यात जाते. लेख स्वीकारल्याचे कळवताना त्याच ईमेलमध्ये मानधन, शब्दसंख्या आणि रक्कम जमा होण्याची तारीख, या तीन गोष्टी लिहाव्यात; आणि स्वीकारलेला लेख छापला गेला नाही, तरी किती टक्के देणार, तेही.

आपला,
एक वाचक